भुयाराचं दुसरं टोक

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात दोनच आवाज असत. एक बाबांच्या पेटीचा आणि दुसरा आईच्या परातीचा. बाबा दुसऱ्या दिवशीच्या चर्चमधल्या उपासनेची गीतं बसवत आणि आई हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत असे. लसूण-मिरचीचा वाटलेला गोळा गरम तेलात पडला की घरभर ठसका उठायचा आणि पेटी मध्येच थांबायची. "जरा दार उघडा," बाबा म्हणायचे. "दार उघडंच आहे, तुम्ही भाता हळू मारा," आई म्हणायची. भात्याचा आणि ठसक्याचा संबंध काय हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही, आणि बहुधा त्यामुळेच त्यांचा संसार नीट झाला. रविवारी चूल फार पेटवायची नाही म्हणून शेंगोळी आदल्या दिवशीच व्हायची. शिळी शेंगोळी ताज्यापेक्षा चांगली लागते, हे माझं मत आजही मागे घ्यायची माझी तयारी नाही. शाळेच्या आवारातली एक दगडी खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत बाबांची सायकल आणि पडवीतून सरळ समोर दिसणारा पडका किल्ला, एवढं आमचं जग होतं. गावाचं नाव लिहीत नाही. श्रीगोंद्याकडच्या वाचकांनी ओळखायचं तर ओळखावं.

किल्ला म्हणजे काय, तर भीमेच्या काठाला अर्धीमुर्धी तटबंदी, आत बाभळी, बाभळींखाली शेरडं, मूर्ती नसलेलं एक फार सुंदर कोरीव देऊळ, नदीचं पाणी वर खेचायचा मोटेचा उंच बुरूज आणि बुरुजाच्या पायथ्याला एक भुयार. बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर. किल्ला बघायला कुणी आलं की त्यांनाच बोलावणं यायचं, कारण त्यांनी तो सगळा पावलांनी मोजला होता. ते दगड दाखवत, दगडावरची छिन्नीची रेघ दाखवत, मोटेचं पाणी कुठून कुठे वाहत जायचं ते हातातल्या छडीनं दाखवत, आणि दर तिसऱ्या प्रश्नाला "माहीत नाही" असं शांतपणे सांगत. राणी कोणत्या महालात राहायची? माहीत नाही. सोनं कुठे पुरलंय? पुरलेलं नाही. भुयार कुठे निघतं? "कुठंच नाही. तो पाण्याचा झाकलेला पाट आहे. चाळीस पावलांवर खोल हौद आहे, तिथं संपतो." हे ऐकून पाहुण्यांची तोंडं अशी उतरत की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या बापाला साधं एक भुयार नगरपर्यंत नेता येऊ नये! परवा नातीनं मोबाईलवर याच भुयाराचा एक व्हिडिओ दाखवला. त्यात ते थेट दिल्लीला गेलंय. खाली लोकांनी रांगेनं हात जोडलेत. आमच्या वेळी निदान जिल्ह्याच्या बाहेर कुणी गेलं नव्हतं.

मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका साखर कारखान्याच्या चेअरमननी सभासदांच्या घरच्या बायकांसाठी 'इतिहास दर्शन सहल' काढायची ठरवली. कारखान्याची निवडणूक जवळ आली होती, आणि निवडणूक जवळ आली की आमच्याकडे इतिहास आपोआप आठवतो. चेअरमनचा उजवा हात म्हणजे गुलाबराव. हा जीप घेऊन आमच्या पडवीशी आला आणि जीपमधूनच म्हणाला, "मास्तर, रविवारी सायेब येत्यात. किल्ला दाखवायचा."

"रविवारी मी श्रीगोंद्याला उपासनेत असतो. पेटी वाजवायची असते," बाबा म्हणाले.

"आवं, देव कुटं पळून चाललाय? सायेब मातुर थांबायचे न्हाईत."

"सोमवारी या."

"सोमवारी बस न्हाई."

बाबांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की विषय संपला असं आम्ही समजायचो. मग ते म्हणाले, "करुणा दाखवील. तिला सगळं ठाऊक आहे." गुलाबरावनं माझ्याकडे बाजारात शेळी बघतात तसं वरून खालपर्यंत बघितलं आणि जीप सुरू केली. रात्री जेवताना बाबांनी मला एवढंच सांगितलं, की माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं, आणि भुयाराच्या तोंडाच्या काट्या हलवायच्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एक वासरू आत जाऊन हौदात पडलं होतं, तेव्हापासून त्यांनी तिथं बाभळीच्या काट्या रचून ठेवल्या होत्या. मी मान डोलावली. तोंडात शेंगोळं होतं, त्यामुळे कबुली अर्धीच दिली, असं मी पुढे स्वतःला सांगत असे.

रविवारी दहाच्या सुमाराला बस आली. बसला पुढून केळीचे खुंट आणि मागून चेअरमनचा हसरा फोटो बांधलेला. त्यातून बेचाळीस बायका उतरल्या, बहुतेक वयस्कर, आणि प्रत्येकीच्या पदराला चेअरमनच्या नावाचा कागदी बिल्ला टाचलेला. मागून जीपमधून साहेब उतरले. कित्येक पिढ्या सताड उघड्या पडलेल्या किल्ल्याच्या दरवाजाला लाल फीत बांधली होती. ती साहेबांनी कापली, नारळ फोडला, आणि किल्ल्याचं उद्घाटन झालं. शेरडं त्याआधीच आत गेली होती, पण त्यांची नोंद कुणी घेतली नाही.

पहिला तासभर मी बाबांसारखं सांगितलं. दगड, छिन्नी, मोट, पाट. ऊन चढत होतं. बायका पदर डोक्यावर ओढून जिथं सावली तिथं बसत होत्या. एकीनं विचारलं, "ह्या देवळात देव कोन व्हता?" मी म्हटलं, "माहीत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "मंग काय बघायला आनलंय आमास्नी?" हशा झाला. गुलाबराव माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "ए पोरी, सायेब कट्टाळल्यात. कायतरी जोरदार सांग की! तुजा बाप बी असाच वाळका."

हे मला लागलं. बाप वाळका आहे हे माझंच मत होतं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. आम्ही भुयाराशी पोचलो. मी हातातल्या छडीनं काट्या बाजूला ढकलल्या, म्हणजे काळं तोंड नीट दिसावं, आणि गुलाबरावच्या हातातला भोंगा मागून घेतला. भोंग्यातून स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणसाचं काय होतं, हे मी पुढे आयुष्यभर व्यासपीठांवर पाहिलं. माझं तेच झालं. मी सांगितलं की हे भुयार इथून थेट नगरच्या किल्ल्यात निघतं. वेढा पडला तेव्हा एक दाई लहानग्या राजपुत्राला पोटाशी बांधून याच वाटेनं गेली. वाटेत तिला नाग आडवा आला, तिनं हात जोडले, नाग बाजूला झाला, आणि तो अजून आत राखणीला आहे. बायका उठून पुढे आल्या. साहेबांनी गॉगल काढला. मग मला, कुठून कोण जाणे, शेवटचं सुचलं. दाई मागेच राहिली, पोर पुढे गेलं, आणि दाईनं इथून मारलेली हाक त्याला नगरला ऐकू गेली. "आजही," मी म्हटलं, "इथं आत उभं राहून कुणाला नावानं हाक मारली, तर ती नगरला ऐकू जाते."

टाळ्या पडल्या. किल्ल्यात मी इतक्या टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. पारवे उडाले. गर्दी देवळाकडे जेवणाच्या सावलीत पांगायला लागली, तेव्हा हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी माझ्याजवळ आली. बारीक अंगाची, कपाळावर गोंदण. सगळ्या तिला कोंडाबाई म्हणत होत्या.

"बाई," ती मला म्हणाली. मला कुणी बाई म्हणण्याची ती पहिली वेळ. "नगरात कुटंबी ऐकू जातं का? का किल्ल्यातच?"

"का हो आजी?"

"माजा नामदेव हाय नगरला. मार्केट यार्डापाशी कुटंतरी गॅरेजात हाय म्हनत्यात. घरातून भांडून ग्येला, दोन दिवाळ्या झाल्या. पत्ता न्हाई आमच्याकडं."

मी खरं सांगायला हवं होतं. पण टाळ्या अजून कानात होत्या, आणि साहेब पाच पावलांवर उभे राहून ऐकत होते. "कुठंही ऐकू जातं," मी म्हटलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

जेवण देवळाच्या ओवरीत होतं. बुंदी, वांग्याची भाजी, पुऱ्या. गुलाबरावचा नियम होता, बिल्ला नाही त्याला ताट नाही. आमच्या गल्लीतली दगडूबाई सकाळपासून नदीवरून पाण्याच्या कळशा आणत होती, तिलाही त्यानं पंगतीतून उठवलं होतं. पण जरा वेळानं बघितलं तर दगडूबाई बिल्ला लावून खुशाल बुंदी खात होती. मला काही वाटलं नाही. साहेबांचं भाषण सुरू झालं. ते म्हणाले की या ऐतिहासिक भुयाराचा शोध आज लागला आहे, ते आपण नगरपर्यंत मोकळं करू, आत दिवे लावू, आणि या हुशार मुलीचा सत्कार करू. माझ्या गळ्यात हार पडला. हार घातलेल्या माणसाला पंगत चांगली दिसते. मी हिरवं लुगडं शोधलं. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. हिरवं लुगडं नव्हतं.

"गुलाबराव, एक आजी कमी आहेत," मी म्हटलं.

त्यानं उभ्या उभ्या बोटानं मोजलं. "बेचाळीस बिल्लं. पुऱ्या हायती. तू पुऱ्या खा."

"कोंडाबाई नाहीत."

"बेचाळीस म्हंजी बेचाळीस! भाषन चाललंय, गप बस."

मी दगडूबाईकडे गेले. तिनं तोंडातला घास बाजूला सारून सांगितलं, "त्या म्हातारीनं दिला बिल्ला. म्हनली, मला भूक न्हाई, मला एक काम हाय, तू बस माज्या जागी."

मी बुरुजाकडे धावले. धावताना हार पायात येत होता, तो तोडून टाकला. भुयाराच्या तोंडाशी, मी बाजूला सारलेल्या काट्यांच्या शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा दोन वहाणा नीट जोडून ठेवलेल्या होत्या. आत अंधार. मी ओरडले, माझाच आवाज परत आला. श्वास धरून ऐकलं. बराच वेळ काही नाही. मग फार आतून, चिखलातून आल्यासारखं, "नामदेऽव." आणि पुन्हा काही नाही.

परत ओवरीपर्यंतचं अंतर तीनशे पावलं आहे, बाबांनी मोजलेलं. तेवढ्यात मला एवढंच कळलं की म्हातारी हौदात आहे, जिवंत आहे, आणि किती वेळ राहील ते माहीत नाही. हौदात तळाला गाळ होता, वासरू त्यातच गेलं होतं. मी भाषणाच्या मधोमध ओरडून सांगितलं. पंगत उठली, सगळे भुयारापाशी आले, आणि तिथं खिळल्यासारखे उभे राहिले. बसचा ड्रायव्हर धट्टाकट्टा होता. तो म्हणाला, "नाग हाय म्हनं आत. मला बायकापोरं हायती." बायका रडायला लागल्या. एक म्हणाली, नागाला दूध ठेवा आधी. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि गुलाबरावला हुकूम केला, "जीप घे. श्रीगोंद्यातनं नगरला फोन लाव. म्हनावं, किल्ल्यात मानसं उभी करा. म्हातारी तिकडनं भाईर निघंल तवा धरा."

गुलाबराव खरंच जीपकडे पळाला. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. माझी गोष्ट आता माझ्या हातात राहिली नव्हती. चांगली शहाणी, शेती-कारखाने चालवणारी माणसं तिच्या हुकमानं चालत होती, आणि म्हातारी बुडत होती. भोंगा जमिनीवर पडला होता. मी तो उचलला.

"भुयार नगरला जात नाही," मी म्हटलं. "चाळीस पावलांवर हौद आहे, आजी त्यात पडल्यात. नाग नाही. दाई नाही. मी सगळं खोटं सांगितलं."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "खोटं कसं?" ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता मी भाषनात सांगितलंय."

आणि त्याच वेळी गर्दीच्या मागून सायकलची घंटी वाजली. उपासना संपवून बाबा परत आले होते. रविवारचा पांढरा सदरा, घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी माझ्या हातातला भोंगा पाहिला, बाजूला सारलेल्या काट्या पाहिल्या, वहाणा पाहिल्या. "शाळेच्या आडाचा दोर आण," ते म्हणाले. "आणि कंदील."

पुढचं सगळं मला तुकड्यांनी आठवतं. पाट अरुंद, बाबांना वाकूनही खांदे घासत होते. हौदाच्या काठाशी त्यांनी दोर माझ्या कमरेला बांधला, कारण आत उतरण्याइतकी मीच हलकी होते. दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या पाठीवरून घेतलं, मागे दगडूबाई, तिच्यामागे शेवटी लाज वाटून आलेला ड्रायव्हर. मी उतरले तो गुडघ्यापर्यंत गार गाळात. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, कोंडाबाई कमरेपर्यंत गाळात बसली होती.

"कोन हाय?"

"मी, आजी. करुणा."

"पाय हलंना गं माजा." जरा थांबून म्हणाली, "त्याला ऐकू ग्येलं असंल का? लई हाका मारल्या."

वर कंदील हलत होता. बाबा सगळं ऐकत होते, पण त्यांच्यासाठी मी खरं बोलले असं म्हणता येणार नाही. तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो फार थंड होता.

"नाही आजी. हे नगरला जात नाही. मी रचून सांगितलं."

तिनं कंदिलाच्या उजेडात माझं तोंड निरखलं. मग म्हणाली, "का गं?"

"सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून."

"व्हय," कोंडाबाई म्हणाली. "टाळ्या लई वाजल्या." आणि मग, "आता आदी मला भाईर काड. बाकीचं मंग बघू."

तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला. घोटा मोडला होता, गारठली होती, बाकी ठीक होती. साहेबांची जीप तोवर परत आली होती, तिच्यातून आजीला श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी एका पेपरात बातमी आली की चेअरमनसाहेबांच्या प्रसंगावधानामुळे वृद्धेचे प्राण वाचले. वृत्तपत्र वाचताना मी आजही जो एक डोळा बारीक करते, ती सवय त्या दिवसाची.

घरी गेल्यावर बाबा मला बोलतील म्हणून मी वाट बघत बसले. आईनं अंगावरचा गाळ धुताना दोनदा पाठीत धपाटा घातला, त्यानं उलट बरं वाटलं. बाबांनी चहा घेतला, काट्या परत नीट रचून आले, हातातले काटे काढत पडवीत बसले. मग म्हणाले, "हाक नगरला ऐकू जाते असं सांगितलंस ना त्या बाईंना?"

"हो."

"मग पोचव."

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आम्ही नगरला गेलो. बाबांनी शाळेला रजा टाकली होती. त्यांच्या नोकरीत ती फार क्वचित गोष्ट. मार्केट यार्डापाशी गॅरेजं किती असतात हे तिथं पायी फिरल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक ठिकाणी बाबा बाहेर रस्त्यावर थांबत आणि मला एकटीला आत पाठवत. "नामदेव आहे का?" काही ठिकाणी हसले, एका ठिकाणी कुणी शिट्टी वाजवली, तेव्हा बाबा दोन पावलं पुढे आले आणि शिट्टी थांबली. दुपार झाली. आईनं बांधून दिलेली भाकरी आम्ही टायरांच्या ढिगावर बसून खाल्ली. परत जाऊ या असं मला म्हणायचं होतं, पण ते म्हणण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही हे मला समजत होतं.

सापडला तेव्हा तो एका ट्रकखाली होता. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"नामदेव तुम्हीच का?"

"काय पायजे?"

"तुमच्या आईनं हाक मारलीय."

आतला पान्याचा आवाज बंद झाला. "कवा?"

"काल दुपारी." आणि मग मी त्या दोन पायांना सगळं सांगितलं. सहल, भोंगा, दाई, तिनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, वहाणा, हौद, घोटा, श्रीगोंद्याचा दवाखाना. माझं एकही खोटं मी लहान करून सांगितलं नाही. आयुष्यात इतकं नीट, न रंगवता, मी त्याआधी काही सांगितलं नव्हतं. पाय जागचे हलले नाहीत. मला वाटलं, हा शिव्या देईल, देऊ दे. किंवा म्हणेल, मला आई नाही; तसंही लोक म्हणतात.

बऱ्याच वेळानं तो सरपटत बाहेर आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. माझ्याकडे न बघता त्यानं डिझेलमध्ये हात धुतले, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं, नखांच्या कडा घासत बसला. धुऊन झाल्यावर त्यानं हात पुसायला काही शोधलं, मिळालं नाही, तसेच ओले हात त्यानं लांब धरले.

"मिस्तरी," तो आत ओरडून म्हणाला, "म्या जाऊन येतो." आणि मला विचारलं, "श्रीगोंद्याची गाडी कितीला हाय?"